कापशी: अंतराळातलं जहाजभेदी क्षेपणास्त्र, आधी कागदावर आणि मग ११० मिलिमीटरच्या पाइपात

विज्ञान प्रदर्शनात अंतराळयुद्धाचं मॉडेल असलं की त्यातलं क्षेपणास्त्र बहुतेक वेळा दिवाळीच्या रॉकेटासारखं दिसतं. टोकदार नाक, शेपटीला चार पंख, मागे नारिंगी ज्वाळा. नाक टोकदार असतं ते हवा कापायला आणि पंख असतात ते हवेत तोल सांभाळायला. जिथे हवाच नाही तिथे या दोन्ही गोष्टी फुकटचं वजन आहेत. म्हणून या लेखात उलट्या बाजूने जायचं आहे: आधी आकडे, आकड्यांवरून लांबी-रुंदी, आणि मग करवत. बाहेरून दिसणारी प्रत्येक गोष्ट तिथे का आहे, हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ती काढून टाकायची.

मॉडेलचं नाव 'कापशी'. विदर्भात कपाशीच्या शेतावर कापशी घार हवेत एकाच जागी पंख मारत थांबते, उंदीर दिसला की खाली झेपावते. आपलं कल्पित क्षेपणास्त्रही तसंच वागतं. सुरुवातीला एकदा इंजिन पेटतं, मग जवळपास दोन तास थंड आणि मुकाट प्रवास, आणि शेवटी झेप. मूळ लांबी १२ मीटर, जाडी १.१ मीटर, वजन ८ टन. जाडी १.१ मीटरच का? कारण बाजारात ११० मिलिमीटरचा पाइप सहज मिळतो. प्रमाण १:१० धरलं की काम सोपं होतं. पाइप आधी ठरवा, प्रमाण नंतर. उलटं केलंत तर ९७ मिलिमीटरचा पाइप शोधत नागपूरच्या इतवारी बाजारभर फिराल आणि तो मिळणार नाही.

वजनाचा हिशोब

कागदावर दोन रकाने आखा: जळणारं आणि न जळणारं. न जळणाऱ्यात टाक्या आणि सांगाडा ६०० किलो, मुख्य इंजिन १५०, दिशा बदलणारे छोटे नळे त्यांच्या इंधनासह २५०, बॅटऱ्या, संगणक आणि शोधक डोळा मिळून २००, मारा करणारं डोकं ८००. बेरीज २,००० किलो. (छोट्या नळ्यांचं इंधन खरं तर जळतं, पण ते मुख्य वेग वाढवायला वापरत नाहीत, म्हणून इकडच्या रकान्यात.) जळणारं इंधन ६,००० किलो.

आता रशियन शिक्षक त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये मांडलेलं सूत्र लावायचं: मिळणारा वेग म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग गुणिले भरलेल्या आणि रिकाम्या वजनाच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. मोबाइल आडवा धरला की बहुतेक फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये लॉगॅरिदमचं बटण दिसतं. मात्र तिथे लॉगॅरिदमची दोन बटणं असतात, त्यातलं नैसर्गिकचंच (ln) दाबा. दुसरं दाबलं तर उत्तर निम्म्याहूनही कमी येतं, आणि या हिशोबात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. ८,००० भागिले २,००० म्हणजे ४. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम १.३८६. वायूचा वेग सेकंदाला ३.१ किलोमीटर धरला तर एकूण ४.३ किलोमीटर प्रतिसेकंद मिळतात. क्षेपणास्त्राची सगळी पुंजी एवढीच, पुढचा सगळा खेळ ती कशी खर्चायची याचा.

३.१ हा आकडा हवेतून आणलेला नाही. मोनोमिथाइल हायड्राझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड ही जोडी निर्वातात साधारण एवढा वेग देते. ही दोन द्रव्यं एकमेकांना भेटताच पेटतात, त्यामुळे इंजिन बंद करून पुन्हा चालू करता येतं, आणि मध्ये थंड प्रवास करणाऱ्या क्षेपणास्त्राला नेमकं तेच हवं असतं. घन इंधन एकदा पेटलं की संपेपर्यंत जळतं. द्रव हायड्रोजन जास्त वेग देतो, पण तो उणे २५३ अंशांवर उकळतो, जहाजाच्या पोटात महिनोन् महिने साठवायचा कसा? आणखी एक सोय म्हणजे टेट्रॉक्साइड आणि हायड्राझिन वजनाने १.६५ ला १ या प्रमाणात वापरली तर दोन्ही द्रव्यांचं घनफळ जवळपास सारखंच भरतं. म्हणजे दोन सारख्या टाक्या. ६,००० किलोचं घनफळ ५.१७ घनमीटर. टाकीचा आतला व्यास १.०४ मीटर धरला आणि टोकांच्या घुमटांत वाया जाणारी जागा मोजली, तर दोन्ही टाक्यांना मिळून ६.४ मीटर लांबी लागते. १२ मीटरपैकी अर्ध्याहून जास्त नुसती टाकी! मॉडेलमध्ये ही लांबी ६४० मिलिमीटर. बहुतेक मॉडेलांत टाकीला जागाच ठेवलेली नसते, आणि जाणकार पाहुण्याची नजर पहिली तिथेच जाते.

पुंजी खर्चायची कशी

पहिल्यांदा इंजिन पेटवून २.८ खर्च करा, १.५ वाटेतल्या दुरुस्तीसाठी आणि शेवटासाठी राखा. इंधनात मोजलं तर पहिल्या वेळी ४,७५८ किलो जळतं आणि हातात १,२४२ किलो उरतं. एकूण वेगाच्या दोन तृतीयांशाला जवळजवळ ऐंशी टक्के इंधन लागलं, कारण सुरुवातीला उरलेलं इंधनही वाहून न्यावं लागतं. इंजिनाचा जोर १०० किलोन्यूटन धरला तर सेकंदाला ३२ किलो इंधन जातं. पहिली जाळणी साधारण १४७ सेकंदांची, नंतरची सगळी मिळून ३८ सेकंदांची. सुरुवातीला त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सव्वा पटीएवढं, शेवटी टाकी रिकामी होताना पाचपट. अनेकांना सुरुवातीपासून वीसपट हवं असतं. तसं इंजिन दीडशे किलोत बसत नाही, ते काही टनांचं होतं आणि ४.३ ची पुंजी तिथेच आटते.

आता पल्ला. लक्ष्याचं जहाज २०,००० किलोमीटरवर आहे असं धरा. २.८ च्या वेगाने तिथे पोचायला ७,१४३ सेकंद, म्हणजे एक तास एकोणसाठ मिनिटं. जहाजाने पहिली जाळणी पाहिलीच असणार, अंतराळाच्या काळ्या पार्श्वभूमीवर पेटलेलं इंजिन लपत नाही. ते लगेच बाजूला पळू लागेल. जहाजाचं त्वरण अगदी नगण्य, सेकंदाला सेकंदागणिक १० सेंटिमीटर धरलं तरी दोन तासांत ते मूळ जागेपासून २,५५० किलोमीटर सरकतं. नागपूर ते मुंबई रस्त्याने आठशेच्या आसपास, त्याच्या तिप्पट. क्षेपणास्त्राने अर्ध्या वाटेवर आपला मार्ग बदलला तर त्याला आडवा वेग लागेल सेकंदाला ०.७१ किलोमीटर. तो परवडतो.

यातून एक सोपा ठोकताळा निघतो. जहाजाचं त्वरण गुणिले पूर्ण प्रवासाचा वेळ, एवढा वेग अर्ध्या वाटेवरच्या दुरुस्तीला लागतो. तो राखीव पुंजीच्या निम्म्याच्या आत असेल तर मारा शक्य, कारण जहाज नंतर उलटही वळू शकतं. त्वरण पाचपट केलं तर दुरुस्तीला ३.५ हून जास्त लागतात आणि कापशी हरते. तिथे पल्ला कमी करायचा, आकडे फुगवायचे नाहीत. कथा लिहिणाऱ्यांनी हा ठोकताळा भिंतीवर लावून ठेवावा. पाठलागाचा प्रसंग खरा वाटतो की खोटा, हे यावरच ठरतं.

डोक्यात काय असतं

स्फोटकं लागत नाहीत. सेकंदाला ४ किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या प्रत्येक किलोत ८ मेगाज्यूल ऊर्जा असते, टीएनटीच्या एका किलोत साधारण ४.२. हवा नसल्याने स्फोटाचा धक्का दूर पोचत नाही, आदळणं हेच हत्यार. म्हणून ८०० किलोचं डोकं म्हणजे ४० किलोचे २० धातूचे भाले. धडकेच्या ३० सेकंद आधी, जहाज अजून १२० किलोमीटरवर असताना, चार पाकळ्या उघडतात आणि भाले सेकंदाला २ मीटरने बाजूला पसरतात. तोवर ६० मीटर त्रिज्येचं वर्तुळ भरतं. त्या ३० सेकंदांत जहाज जास्तीत जास्त ४५ मीटर हलू शकतं, त्यामुळे ते वर्तुळातून निसटत नाही. वर्तुळाचं क्षेत्रफळ ११,३०० चौरस मीटर, एका भाल्याच्या वाट्याला ५६५. शंभर मीटर लांब आणि वीस मीटर उंच जहाज आडवं आलं तर सरासरी साडेतीन भाले लागतात. पसरण्याचा वेग दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि सरासरी एकाच्याही खाली येते. पाकळ्या कधी उघडायच्या आणि भाले किती पसरायचे, हे म्हणूनच जहाजाच्या त्वरणावरून ठरवायचं.

गुरुत्वमध्य: इथे घाई नको

हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि मॉडेलवर छोटे नळे कुठेही चिकटवतात. नॉझलच्या (इंजिनाच्या मागच्या घंटेच्या) कडेपासून प्रत्येक भागाचा मध्य मोजा: इंजिन १.२ मीटरवर, सांगाडा ५.५, इंधन ५.२, नळे आणि बॅटऱ्या ९.१, डोकं १०.७. वजन गुणिले अंतर करा, बेरीज करा, एकूण वजनाने भागा. टाक्या भरलेल्या असताना गुरुत्वमध्य ५.९ मीटरवर येतो. रिकाम्या असताना ८.०७, म्हणजे साधारण ८.१ वर. म्हणजे प्रवासात तो दोन मीटरहून थोडा जास्त पुढे सरकतो.

तोंड वळवणारे छोटे नळे दोन टोकांना हवेत, गुरुत्वमध्यापासून जितके लांब तितका कमी जोर पुरतो. ते १६ घ्या, ८ मागे १.४ मीटरवर आणि ८ पुढे ९.४ वर. पण शेवटच्या क्षणी तोंड न वळवता सगळं क्षेपणास्त्र बाजूला ढकलायचं असतं. ते काम करणारे चार मोठे नळे रिकाम्या गुरुत्वमध्यावरच, ८.१ मीटरवर हवेत. ते पुढे-मागे गेले तर प्रत्येक ढकलीला क्षेपणास्त्र गरागरा फिरतं आणि शोधक डोळ्यासमोरून लक्ष्य निघून जातं. ही जागा पुढच्या टाकीच्या घुमटावर येते, पण घुमटाभोवती सांगाड्याचा गोल घेर असतो, त्यावर ते बसतात. प्रदर्शनात कुणी विचारलं की 'हे चार नळे असे अधल्यामधल्या जागी का?', तर हा हिशोब दाखवायचा.

साहित्य

११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा आणि पावसाच्या पाण्याचा) पाइप, टाइप ए. टाइप बी जाड आणि जड असतो, तो घेऊ नका. हा पाइप तीन मीटरच्या लांबीत येतो, पण गांधीबाग-इतवारी भागातल्या काही दुकानांत तुकडाही मिळतो. एक मीटर मागा. ७५ मिलिमीटरचा पाइप पाव मीटर आणि त्याची एक एंड कॅप. ११० ते ७५ चा रिड्युसर (जाड पाइपाला बारीक पाइप जोडणारा तुकडा), रबरी रिंगवाला नको, चिकटवायचा घ्या, कारण रिंगवाल्याला कडेला फुगवटा असतो. रिड्युसरचं मोठं तोंड पाइपावर बसतं की पाइपाएवढंच आहे, हे दुकानातच पाइप लावून पाहा. पाइपाएवढंच असेल तर एक कपलर जादा लागेल.

याशिवाय २ लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, विजेच्या वायरिंगची २० मिलिमीटर रुंद केसिंग-कॅपिंग पट्टी एक मीटर, चपला-बॅगांच्या साहित्याच्या दुकानातून पितळी आयलेट १६ (छोट्या नळ्यांसाठी, ४-५ जादाच घ्या, एखादं वाकतंच), सिलिकॉन सीलंटच्या नळीला लावायची निमुळती प्लास्टिक टोकं ४ (मोठ्या नळ्यांसाठी), १२ मिलिमीटर प्लायवुडच्या दोन चकत्या, ५० मिलिमीटरची ॲक्रिलिक चकती, एम-सील, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, प्लास्टिक प्रायमर आणि मॅट पांढऱ्या व काळपट राखाडी रंगाचा स्प्रे. सोनेरी फॉइल हवं, गिफ्ट रॅपिंगचं पातळ चालतं.

डोळ्याच्या जागी भिंग लावायचा मोह होईल. तो टाळा. नागपूरच्या उन्हात खिडकीपाशी ठेवलेलं भिंग आतल्या प्लास्टिकवर ऊन एकवटतं आणि भोक पाडतं, आत कागद असेल तर पेटवतंही. साधी सपाट चकती घ्या, मागून काळा कागद लावा.

पाइप कापणं आणि आखणं

११० च्या पाइपाचा तुकडा ८८० मिलिमीटरचा हवा: इंजिनाचा भाग १००, टाक्या ६४०, बॅटऱ्या-संगणकाचा भाग १४०. पुढे डोकं १८०, त्यात रिड्युसरची लांबी धरलेली. मग डोळा ४० आणि मागे नॉझल १००. एकूण १,२००.

काटकोनात कापायला सरळ कडेचा कागद पाइपाभोवती घट्ट गुंडाळा. कागदाच्या दोन्ही कडा एकमेकींवर तंतोतंत आल्या की त्या कडेने पेन्सिल फिरवा. हॅक्सॉला २४ दात्यांचं ब्लेड लावा आणि पाइप थोडा थोडा फिरवत चहूकडून कापा. एकाच बाजूने आरपार कापलं तर करवत तिरकी जाते आणि नॉझल वाकडं बसतं. चार मीटरवरूनही ते डोळ्यात खुपतं. लांबीची सरळ रेघ मारायची असेल तर पाइप लोखंडी अँगलमध्ये आडवा ठेवा आणि अँगलच्या कडेने पेन्सिल ओढा. मोकळ्या हाताने पट्टी धरली तर रेघ हळूहळू गोल फिरत जाते.

आठ नळ्यांच्या जागांसाठी मोजमाप करत बसू नका. ३४५ मिलिमीटरची कागदी पट्टी, म्हणजे पाइपाच्या परिघाएवढी, तीनदा अर्धी घडी घाला. आठ सारखे भाग पडतात. पट्टी पाइपाच्या मागच्या टोकापासून ४० मिलिमीटरवर गुंडाळून प्रत्येक घडीवर आणि पट्टीची टोकं भेटतात तिथे खूण करा. पुढची रांग मागच्या टोकापासून ८४० मिलिमीटरवर, चार मोठे नळे ७०७ वर. (हिशोबात अंतरं नॉझलच्या कडेपासून होती, इथे पाइपाच्या टोकापासून आहेत. नॉझलचे १०० वजा केले आहेत.) भोकं आयलेटच्या मानेएवढीच पाडा, आधी छोट्या ड्रिलने, मग मोठ्याने. एकदम मोठं ड्रिल लावलं तर पातळ पाइप चिरतो.

टाक्यांच्या आतून वायर जाऊ शकत नाही, आत द्रव भरलेलं असतं. म्हणून बाहेरून एक नाली लागते, ती केसिंग-कॅपिंगची ६४० मिलिमीटरची पट्टी. ती दोन नळ्यांच्या बरोबर मध्ये येईल अशी लावा. नळ्याच्या रेषेत लावली तर खऱ्या उड्डाणात गरम वायू थेट तिच्यावर आदळला असता.

प्लायच्या चकत्या पाइपाच्या आतल्या मापाच्या करून, पाइपाच्या टोकांपासून २२० मिलिमीटरवर आत बसवा. स्टँडचे आधार बाहेरून याच जागी येतात, त्यामुळे पातळ पाइप तिथे दबत नाही. डोकं कायमचं चिकटवू नका, तीन बारीक स्क्रूंनी बसवा. १,२०० मिलिमीटरची वस्तू ऑटोत आडवी धरून नेताना याची किंमत कळते. रिड्युसरची जी कड बाहेर राहते ती घासून नाहीशी करायची गरज नाही; डोकं वेगळं होण्याचा तो सांधा आहे असं धरा आणि डोक्यावर चार पाकळ्यांच्या चार उभ्या रेघा ब्लेडच्या टोकाने कोरा.

नॉझल

निर्वातातलं नॉझल रुंद असतं, कारण बाहेर दाब नसल्याने वायूला जितकं पसरू द्यावं तितका जोर जास्त मिळतो. आपल्या इंजिनाची मान साधारण १३ सेंटिमीटर आणि तोंड एक मीटर निघतं. नरसाळं वापरू नका, त्याच्या बाजू सरळ असतात. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा खांद्याचा भाग घंटेसारखा वळलेला असतो, तो हुबेहूब शोभतो. बाटलीच्या मानेखालून १०० मिलिमीटरवर कापा. मान मापापेक्षा जाड आहे, ती पाइपाच्या आत जाते आणि दिसत नाही.

बाटली हॉट ग्लूने चिकटवायची नाही. ते प्लास्टिक सत्तर-ऐंशी अंशांनाच मऊ पडतं आणि घंटा आक्रसते. एम-सील लावा. बाहेर-आत दोन्हीकडून ४०० च्या पेपरने धूसर होईपर्यंत घासा, नाहीतर रंगाचा पापुद्रा नखाने निघतो. रंग काळपट राखाडी. आत दिवा लावायचाच असेल तर एक वॉर्म व्हाइट एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर. नारिंगी कागदाची ज्वाळा लावू नका. या इंधनाची ज्वाळा फिकट, जवळजवळ पारदर्शक असते.

रंग, फॉइल आणि नागपूरची हवा

पाइपावर कंपनीचं छापील नाव असतं. ते थिनरने आधी पुसा. राहिलं तर पांढऱ्या रंगातून महिनाभराने निळसर अक्षरं वर येतात. मग २२० ने, नंतर ४०० ने घासा, भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, आणि त्यानंतर पाइपाला बोटं लावू नका. प्रायमरचे दोन पातळ हात, रंगाचे तीन. डबा २५ ते ३० सेंटिमीटरवर धरा, फवारा पाइपाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा.

नागपुरात रंग कधी मारता यावर अर्धं काम ठरतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा रंगाचे थेंब पाइपापर्यंत पोचायच्या आतच सुकतात आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. सकाळी सहा ते आठ एवढाच वेळ हाताशी, तोही वारा नसेल तर. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रंगावर पांढुरकी धुरी येते. आणि कूलर चालू असलेल्या खोलीत, कुठलाही महिना असो, रंग मारू नका. ओलावा वाढतो आणि वाळ्याची, लाकडाच्या भुश्याची बारीक कुसळं ओल्या रंगावर येऊन बसतात. सर्वात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी अकरा ते दुपारी चार. त्याआधीच्या गारठ्यात रंग उशिरा सुकतो आणि ओघळतो. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी मॉडेल हवं असेल तर डिसेंबरात पाइप आणा, जानेवारीत रंग उरका.

एम-सीलचंही तेच. हिवाळ्यात ते मळून वापरायला भरपूर वेळ मिळतो, उन्हाळ्यात हातातच कडक होऊ लागतं. लिंबाएवढा गोळा एकदम मळण्यापेक्षा बोरांएवढे दोन-चार गोळे करत जा. स्प्रेचा डबा ५० अंशांच्या वर जाता कामा नये, गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

पाइपाच्या पुढच्या भागाला आणि डोक्याला पांढरा रंग द्या. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि बॅटऱ्यांची उष्णता बाहेर टाकतो. टाक्यांना मात्र सोनेरी वेष्टण. नायट्रोजन टेट्रॉक्साइड उणे ११ अंशांना गोठतं आणि २१ ला उकळतं, एवढ्या अरुंद पट्ट्यात ते ठेवायचं तर वेष्टण हवंच. उपग्रहांवर दिसतं ते सोनं नसतं. पिवळसर पारदर्शक फिल्मच्या मागे ॲल्युमिनियमचा थर असतो, म्हणून ते सोनेरी दिसतं.

फॉइल आधी मुठीत चुरगाळा, मग हाताने हलकेच पसरा. बारीक सुरकुत्या राहिल्या तरच ते खरं दिसतं. फेविकॉलने चिकटवू नका. त्यातल्या पाण्याला बाहेर जायला वाटच राहत नाही, खाली प्लास्टिक आणि वर धातूचा थर, म्हणून आठवड्यानंतरही आत चिकचिक राहते आणि फॉइल सरकतं. दोन्ही बाजूंच्या टेपच्या गोल पट्ट्या दर १०० मिलिमीटरला लावून त्यावर फॉइल बसवा. दोन्ही कडा जिथे भेटतात तो जोड वायरच्या नालीखाली लपवा, म्हणजे नाली सर्वांत शेवटी. चार मोठ्या नळ्यांभोवती दोन बोटं फॉइल कापून टाका, खऱ्या उड्डाणात तिथलं वेष्टण जळून गेलं असतं.

स्टँड आणि वाहतूक

१८ मिलिमीटर प्लायचा ६०० बाय २०० चा तळ, त्यावर अर्धगोल कापलेले दोन आधार, आतून फेल्ट. आधारांमधलं अंतर ४४० मिलिमीटर, म्हणजे आतल्या चकत्यांच्या बरोबर खाली. शेजारी पुठ्ठ्यावर चार ओळी मोठ्या अक्षरांत लिहा: लांबी, वजन, ४.३ किलोमीटर प्रतिसेकंद, आणि २.८ व १.५ ची वाटणी. याहून जास्त मजकूर उभ्याने कुणी वाचत नाही. वजनाचा आणि गुरुत्वमध्याचा पूर्ण हिशोब वहीत ठेवा, विचारणाऱ्याला दाखवायला.

नेताना डोकं वेगळं करा, दोन्ही भाग जुन्या चादरीत गुंडाळा आणि वर 'प्रदर्शनासाठी प्लास्टिकची प्रतिकृती' अशी चिठ्ठी चिकटवा. मेट्रो, रेल्वे स्टेशन किंवा विमानतळाच्या तपासणीत अशी वस्तू उघडी नेणं योग्य नाही, लोक घाबरतात आणि तपासणाऱ्यांचा वेळ जातो. शक्यतो शाळेच्या किंवा आयोजकांच्या पत्रासह आपल्या गाडीनेच न्या. एप्रिल-मे असेल तर बंद गाडी उन्हात उभी करून आत मॉडेल ठेवू नका. काचा बंद असलेल्या गाडीत इतकं तापतं की बाटलीची घंटा एका बाजूला बसते. नॉझल सुटं नेऊन प्रदर्शनाच्या टेबलावरच बसवलं तर ही काळजी उरत नाही. त्यासाठी मानेवर एम-सीलऐवजी बाटलीचं मूळ झाकण पाइपाच्या मागच्या टोकाला तिसऱ्या प्लायच्या चकतीवर स्क्रूने पक्कं करा आणि घंटा त्यात फिरवून बसवा.